विमानाच्या भागांची नावं लेकरांना कोणत्या शब्दांत सांगावी?

परतूरच्या बाई

मी परतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. मागच्या महिन्यात सहल वेरूळला नेली होती. परत येताना जालना रोडला चिकलठाण्यापाशी गाडी थांबली आणि नेमकं तेव्हाच एक विमान उतरायला आलं. एवढ्या खालून जाणारं विमान आमच्या एकाही लेकराने पाहिलेलं नव्हतं. सगळे रस्त्याच्या कडेला ओळीने उभे राहिले, कुणी तोंडातून शब्द काढला नाही. नंतर मात्र परतूर येईस्तोवर गाडीत दुसरा विषय नव्हता.

सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, इमानाला शेपूट कामून असते? त्याला माशा थोड्याच हाकायच्यात?" एका मुलाचं म्हणणं होतं, पंखाचे मागचे तुकडे खाली लोंबत होते, म्हणजे विमान मोडलेलं होतं. दुसऱ्याने पाहिलं की चाकं टेकल्याबरोबर पंखावर फळ्या उभ्या राहिल्या. या लेकरांची नजर इतकी बारीक, आणि मला पंख, शेपूट, चाक, इंजिन यापलीकडे एक शब्द येत नव्हता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

घरी येऊन शोधाशोध केली. उत्थापन, प्रणोद, कर्षण असे शब्द सापडले. मोठ्या अक्षरांत तक्ता केला, भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी विचारलं, प्रणोद म्हणजे काय? अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "विमानाला पुढे ढकलणारे बल." मग विचारलं, बैलगाडीला हे बल कोण देतं? कुणीच बोललं नाही. ज्या लेकरांच्या घरी बैल आहेत तीही गप्प. तो तक्ता मी काढून ठेवला.

इथे विमानाच्या कामातली माणसं असतील म्हणून विचारते. पंखाच्या त्या हलणाऱ्या तुकड्यांना काय म्हणतात आणि ते काय करतात? विमान "स्टॉल झालं" म्हणजे इंजिन बंद पडलं, असं पेपरात वाचलं होतं, ते खरं आहे का? आणि मुख्य म्हणजे हे सगळं मराठी शब्दांत शिकवू की इंग्रजी?


निवृत्त एअरफ्रेम फिटर

बाई, नमस्कार. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाचं धड, पंख, शेपूट यांची देखभाल-दुरुस्ती करणारा. बेळगावजवळ सांबऱ्याला सुरुवातीचं प्रशिक्षण, मग चेन्नईजवळ तांबरमला या कामाचं शिक्षण, आणि पुढची बरीच वर्षं एएन-३२ या सोव्हिएत बनावटीच्या मालवाहू विमानाच्या पंखाखाली गेली. आता मानवत तालुक्यात वावर बघतो. तुमचा प्रश्न वाचून रात्री उशिरापर्यंत बसलो, कारण तांबरमच्या वर्गात मी तुमच्या त्या गप्प बसलेल्या लेकरांसारखाच होतो. शब्द पाठ, आणि वस्तू समोर आली की ओळख नाही.

आधी एक गोष्ट सांगतो. युनिटमध्ये पहिलाच आठवडा. सार्जंट म्हणाले, डाव्या पंखाखालचं पॅनल उघड. मी विमानाच्या नाकासमोर उभा होतो. माझ्या डाव्या हाताला गेलो आणि पाना लावला. तो उजवा पंख होता. सार्जंट हरियाणाचे, शेतकऱ्याच्या घरचे. रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "बैलगाडी हाकलीस का कधी? समोरून येणाऱ्या माणसाला डावा बैल कोणता?" मी म्हणालो, डावा तो डावाच, गाडीवानाच्या डाव्या हाताचा. "मग इथंही गाडीवान आत बसलाय." त्या दिवसापासून विमानाचं डावं-उजवं मी चुकलो नाही. इंजिनांचे नंबरसुद्धा तसेच, वैमानिकाच्या डाव्या हाताकडून एक, दोन असे मोजत जायचे. जे मला माहीत नाही असं मी समजत होतो ते मला बापाच्या गाडीवर बसून आधीच येत होतं. लेकरांना शिकवताना एवढं धरून चला.

आता त्या मुलीचा प्रश्न. शेपटीच्या सगळ्या जुळणीला इंग्रजीत एम्पेनाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि तो बाणाला पिसं लावण्याच्या क्रियेवरून आलेला आहे. बाणाच्या मागे पिसं का लावतात? बाण आडवा-तिडवा गेला तर मागच्या पिसांवर हवा आपटते आणि बाणाचं तोंड पुन्हा सरळ करते. विमानाची शेपूट आधी हेच करते. तिला सांगा, गायीची शेपूट विसर आणि बाणाची पिसं आठव. ज्वारीचं धांडं घेऊन, मागे कागदाची पिसं लावून आणि न लावता फेकून दाखवा. पाच मिनिटांत कळेल.

हे फ्रेंच शब्द बघितले की माझा जीव हलका होतो. फ्युझलाज, म्हणजे विमानाचं धड. मूळ अर्थ चातीसारखं, दोन्ही टोकांना निमुळतं. आपल्या भागात कापूस पिकतो, चरख्यावरची चाती आजीने पाहिलेली असते. एलेरॉन म्हणजे लहानसा पंख; पंखाच्या टोकाकडचा हा हलता तुकडा विमान डावीकडे-उजवीकडे कलवतो. इंजिनाभोवतीच्या आवरणाला नॅसेल म्हणतात, तो शब्द छोट्या होडीवरून आला. हँगर म्हणजे शेड. सुखोई-३० ला पुढच्या बाजूला लहान पंख असतात, त्यांना कॅनार्ड म्हणतात, आणि कॅनार्ड म्हणजे बदक. ज्या लोकांनी ही नावं ठेवली त्यांनी समोर दिसलं ते नाव ठेवलं. चाती, होडी, बदक, पिसं. त्यांनी काही मोठं भारदस्त शोधलं नव्हतं. आपण मात्र मराठी शब्द करायला बसलो की थेट प्रणोदावर जातो.

रशियनांनी काय केलं तेही सांगतो, कारण ती विमानं मी हाताळली. फ्युझलाज आणि एलेरॉन हे दोन शब्द त्यांनी जसेच्या तसे उचलले, रशियन लिपीत लिहिले आणि मोकळे झाले. पण पंखाच्या मागच्या कडेला जो फ्लॅप असतो त्याला ते झाक्रिलोक म्हणतात, साधारण "पंखामागचं". पुढच्या कडेच्या सरकत्या पट्टीला, म्हणजे स्लॅटला, प्रेदक्रिलोक, "पंखापुढचं". शेपटीच्या उभ्या भागावरचं रडर म्हणजे त्यांच्या भाषेत दिशेचं सुकाणू, आणि आडव्या भागावरचं एलेव्हेटर म्हणजे उंचीचं सुकाणू. मला हे फार आवडतं. दिशेचं सुकाणू नाक डावीकडे-उजवीकडे नेतं, उंचीचं सुकाणू नाक वर-खाली करतं. सांगायला दुसरं काही लागत नाही. आपल्याकडे समुद्र नाही, पण सुकाणू शब्द लेकरांना माहीत असतो. नसला तर पैठणला नाथसागरात होडी दाखवा.

लोंबणारे तुकडे म्हणजे फ्लॅप. विमान मोडलेलं नव्हतं, अगदी ठाकठीक होतं. उतरताना वेग कमी करायचा असतो आणि वेग कमी झाला की पंखाची उचल कमी पडते. म्हणून पंखाचा मागचा भाग बाहेर सरकवून खाली वाकवतात. पंख मोठा होतो, जास्त वाकडा होतो आणि कमी वेगातही विमान तोलून धरतो. चाकं टेकल्यावर उभ्या राहिलेल्या फळ्या म्हणजे स्पॉयलर. त्यांचं काम उलटं, उरलेली उचल मोडून टाकायची. पंख उचलतच राहिला तर वजन चाकांवर येत नाही आणि वजन आलं नाही तर ब्रेक नीट धरत नाहीत. एअरबस ३२० असेल तर एका पंखावर पुढे पाच स्लॅट, मागे दोन फ्लॅप, टोकाकडे एक एलेरॉन आणि वर पाच स्पॉयलर. तुमच्या लेकरांनी जे पाहिलं ते नवीन भरती झालेले पोरंही पाहत नाहीत.

स्टॉल. पेपरात चुकलं. मोटारीचं इंजिन बंद पडलं तर त्यालाही स्टॉल म्हणतात, त्यातून हा गोंधळ होतो. विमानातला स्टॉल पंखाचा असतो. दोन्ही इंजिनं पूर्ण जोरात चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकतं. हे समजवायला माझ्याकडे सुपाशिवाय चांगलं साधन नाही. वारा असलेल्या दिवशी सूप दोन्ही हातांनी आडवं धरा, पुढची कड वाऱ्याकडे. ती कड जराशी वर करा, सूप हातातून वर जायला बघतं. आणखी थोडी वर करा, उचल वाढते. तशीच वाढवत गेलात की एक जागा येते, तिथं सूप वर जायचं सोडतं, थरथरतं आणि नुसतं अंगावर येतं. वारा सुपाच्या पाठीला धरून जात होता तोवर उचल होती, पाठीवरून तो सुटला आणि उचल गेली. त्या कोनाला अँगल ऑफ अटॅक म्हणतात आणि साध्या पंखाला ही जागा साधारण १५ अंशांच्या आसपास येते. माझ्या मनात स्टॉलला मराठी "पंखाने हवा सोडली" असंच येतं. उपाय काय? नाक खाली करायचं. खाली पडतंय आणि नाक आणखी खाली करायचं, हे मनाला पटत नाही, म्हणून वैमानिकाकडून ते पुन्हा पुन्हा घोटून घेतात. पतंगाची कन्नी बांधणाऱ्या पोरांना हा कोन हाताने माहीत असतो. कन्नी वर-खाली झाली की पतंग एक तर उठत नाही, नाही तर गोते खातो.

आणखी एक, शाळेच्या भिंतीवर दाखवता येईल असं. विमानाच्या नाकाजवळ किंवा पंखाखाली बोटाएवढी नळी पुढे तोंड करून असते, तिला पिटो ट्यूब म्हणतात. आंरी पिटो या फ्रेंच माणसाने १७३२ मध्ये पॅरिसच्या सीन नदीत वाकवलेली नळी धरून पाण्याचा वेग मोजला. तीच युक्ती हवेसाठी. नळीत हवा किती जोरात घुसते त्यावरून वेग कळतो. विमान उभं असलं की या नळीवर टोपी घालायची आणि तिला लाल पट्टी लटकवायची, हे आमचं रोजचं काम होतं. कारण कुंभारमाशी. तीच, जी खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं घर करते. तिला अशी नळी आयतीच सापडते. १९९६ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेलं एक बोइंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. वेगाचा एक काटा खोटं सांगत होता आणि नळीत अशाच माशीचं घर असावं, हीच शक्यता चौकशीत सगळ्यात मोठी ठरली. लाल पट्टीची टोपी लेकरांना नक्की सांगा.

मराठी की इंग्रजी, त्याचं माझं उत्तर असं. नाव जे जगभर चालतं तेच देवनागरीत लिहा. फ्लॅप, रडर, एलेरॉन. अर्थ मात्र वावरातला आणि घरातला द्या. धावपट्टी, उड्डाण, वैमानिक असे रुळलेले शब्द आहेत ते सोडू नका. धावपट्टी शब्द तर मला रनवेपेक्षा सरस वाटतो, पट्टीही दिसते आणि धावही.


बी-वन शिकाऊ, नांदेड

काकांचं सूप मी आमच्या ग्रुपवर टाकले आहे. पण मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकले. आता हैदराबादला एका देखभाल केंद्रात शिकाऊ आहे आणि विमान देखभालीच्या बी-वन लायसन्सचे पेपर देऊलाले. बी-वन म्हणजे इंजिन आणि यांत्रिक भागांचं, बी-टू म्हणजे वीज आणि एव्हिऑनिक्सचं, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं. पहिलं वर्ष माझं नुसतं शब्दांत गेलं. एअरोडायनॅमिक्सचं मॉड्यूल मला गणितामुळे अवघड गेलं नाही, तर भाषेमुळे गेलं. म्हणून बाई, लेकरांना इंग्रजी नावं पहिल्या दिवसापासून द्या. नंतर दोनदा शिकावं लागतं आणि दुसऱ्यांदा शिकताना आपल्याला येत नाही असं वाटत राहतं.

शब्द नीट नसला तर काय होतं त्याचं एक उदाहरण आम्हाला ह्यूमन फॅक्टर्समध्ये, म्हणजे माणसांच्या चुका कशा होतात त्या विषयात, शिकवलं. २७ मार्च १९७७, तेनेरिफ बेट, धुकं. धावपट्टीवर एक ७४७ उडायला तयार, दुसरं ७४७ त्याच धावपट्टीवरून चालत येत होतं. पहिल्याच्या वैमानिकाने रेडिओवर सांगितलं की आम्ही आता टेकऑफला आहोत. टॉवरला वाटलं, टेकऑफच्या जागेवर उभे आहेत. तो धावायला लागला होता. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून "टेकऑफ" हा शब्द रेडिओवर फक्त प्रत्यक्ष उडायची परवानगी देताना किंवा ती काढून घेताना उच्चारतात. बाकी सगळीकडे "डिपार्चर". एक शब्द त्यांनी कुलूप लावून ठेवला.

आम्ही वापरतो ती मॅन्युअल्ससुद्धा अशाच बांधलेल्या इंग्रजीत असतात, सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश. त्याचं पहिलं पुस्तक १९८६ चं. मंजूर शब्द नऊशेच्या आसपास, शिवाय यंत्राच्या भागांची नावं. एका शब्दाला एकच अर्थ. सूचनेचं वाक्य वीस शब्दांच्या वर जायचं नाही. "फॉलो" म्हणजे मागून येणं एवढंच, सूचना पाळायला तो शब्द चालत नाही. हे केलं कुणासाठी? ज्यांची आई इंग्रजी बोलत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. मला हे कळलं त्या दिवशी खूप धीर आला. तोवर वाटायचं, मॅन्युअल सोपं लागलं म्हणजे आपण काही तरी सोडून वाचूलालो.

आणि इंग्रजीत तरी सगळं कुठं सरळ आहे! ब्लीड एअर म्हणजे इंजिनाच्या कंप्रेसरमधून, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागातून, मुद्दाम काढून घेतलेली गरम हवा, ती केबिनला आणि बर्फ वितळवायला लागते. ब्रेक ब्लीड करणं म्हणजे तेलात अडकलेली हवा बाहेर काढून टाकणं. एका ठिकाणी हवा हवी म्हणून ब्लीड, दुसऱ्या ठिकाणी नको म्हणून ब्लीड. शॉपमध्ये आम्ही पुष्कळदा नावं सोडून आकड्यांतच बोलतो. मॅन्युअलमधल्या प्रकरणांचे नंबर ठरलेले आहेत, २७ म्हणजे फ्लाइट कंट्रोल, २८ इंधन, २९ हायड्रॉलिक, ३२ लँडिंग गिअर. "बत्तीसचा स्नॅग (बिघाड) आहे" म्हटलं की कुणीही चाकांकडे जातं, मग तो तेलुगू असो की मल्याळी.

काका, स्टॉलला "हवा सोडली" म्हणू नका असं मला वाटतं. उद्या कुणाला वाटेल टायरची हवा गेली.


निवृत्त एअरफ्रेम फिटर

ताई, टायरचं तुझं बरोबर आहे. मी ते ध्यानात घेतलं नव्हतं. "पंखावरची हवा सुटली" म्हटलं तर चालेल का बघ. तक्त्यावर नाव म्हणून स्टॉलच लिहायचं, हे तर मी आधीच म्हणतोय.

पण "दोनदा शिकावं लागतं" याला माझी हरकत आहे. तू एकदाच शिकलीस, फक्त उलट्या क्रमाने. शब्द आधी आला आणि वस्तू नंतर. आमच्याकडे कॅसल नटला, म्हणजे वर खाचा असलेल्या नटला, तो फिरून सुटू नये म्हणून स्प्लिट पिन घालतात. मला ते नाव पाठ होतं, आणि एकदा पिन घालून टोकं वाकवायची राहिली. तपासणीत सापडलं, विमान तोवर जमिनीवर होतं. ती रात्र मला झोप नाही. बैलगाडीचं चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला खीळ ठोकतात, ती खीळ बाप रोज हाताने चाचपून बघायचा. स्प्लिट पिन म्हणजे तीच खीळ, हे ज्या दिवशी मनात जुळलं त्या दिवसानंतर प्रत्येक पिनीवरून माझं बोट फिरलं. आधी मॅन्युअलमध्ये लिहिलंय म्हणून करत होतो.


उपसंपादक, छत्रपती संभाजीनगर

पेपरातली चूक निघाली म्हणून लिहितो. आमच्या टेबलावर या चुका होतात आणि त्याचं कारण घाईइतकंच शब्दांचं आहे.

चिकलठाण्याचा विषय निघालाच आहे. २६ एप्रिल १९९३ ला इथून मुंबईला निघालेलं बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांत गेलं आणि पडलं. ११८ पैकी ५५ जण गेले. माझ्या वयाच्या इथल्या प्रत्येकाला ती दुपार आठवते. काही वर्षांनी त्यावर पान करत होतो. चौकशीत वैमानिकांनी रोटेशन उशिरा सुरू केल्याचं आणि त्याची पद्धतही चुकल्याचं म्हटलं होतं, शिवाय उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखलेली नव्हती हेही. आमच्या मजकुरात आलं होतं, "विमान वळवण्यास विलंब". वाचणाऱ्याला वाटणार, ट्रक दिसला आणि वैमानिकाने विमान बाजूला घ्यायला उशीर केला. मूळ अर्थ तसा नव्हता. धावपट्टीवर ठरलेला वेग आला की वैमानिक विमानाचं नाक उचलतो, त्या नाक उचलण्याला रोटेशन म्हणतात. विमान कुठेही वळत किंवा फिरत नाही. पान जाण्याआधी मी एका ओळखीच्या वैमानिकाला फोन केला आणि "नाक उचलण्यास विलंब" केलं. ज्या घरांतली माणसं गेली ती घरं तो मजकूर वाचणार होती. एका शब्दाने तो सगळा अपघातच वेगळा झाला असता.

बाई, मुलांना ब्लॅक बॉक्सही सांगा, तो भडक नारिंगी असतो, ढिगाऱ्यात सापडावा म्हणून. आणि "एअर पॉकेट" म्हणजे हवेतला खड्डा असं आम्ही सर्रास लिहितो. हवेत कुठे रिकामी जागा नसते. हवा वर-खाली वाहत असते, तिच्याबरोबर विमान वर-खाली होतं.


परतूरच्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लावले, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सूप मुलांनीच घरून आणलं, एकाच्या जागी नऊ आली. मंगळवारी दुपारी मैदानावर चांगला वारा होता. काका, तुम्ही लिहिलंत तसंच झालं. ज्या मुलाला वर्गात वाचताना अडखळायला होतं, तो सुपाची कड हळूहळू वर करत होता आणि एकदम ओरडला, "बाई, सुटलं!" त्याला तो शब्द मी सांगितलेला नव्हता. नंतर प्रत्येकाला ती सुटण्याची जागा स्वतःच्या हाताने शोधायची होती. घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

कुंभारमाशीची घरं शाळेच्या मागच्या खिडकीत सात निघाली. पिटो ट्यूबसाठी शाईपेनाचं टोपण आणि लाल फीत असं मुलींनी केलं आणि ते आता आमच्या कागदी विमानाला लावलेलं आहे. शिपाईमामांना ती घरं काढू देत नाहीत.

नवा तक्ता असा केला. वर मोठ्या अक्षरांत नाव, ताई म्हणतात तसं: फ्लॅप, स्पॉयलर, रडर, एलेव्हेटर. खाली वर्गाने स्वतः ठरवलेले शब्द. रडरखाली दिशेचं सुकाणू लिहिलं. स्पॉयलरखाली "उचल मोडणाऱ्या फळ्या". फ्लॅपला शेपटीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने "पंखाचा पदर" म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोटेशन मी तोंडी सांगितलं. १९९३ ची गोष्ट पूर्ण सांगितली नाही, सातवीला ती पुढच्या वर्षी सांगेन.

एक प्रश्न अडला आहे. पदर बाहेर काढल्यावर पंख जास्त उचलतो, तर विमान तो सगळा वेळ बाहेर ठेवूनच का उडत नाही? विमान मोडलंय म्हणणाऱ्या मुलानेच हे विचारलं.


निवृत्त एअरफ्रेम फिटर

बाई, पदर बाहेर असला की उचल वाढते, पण हवाही तेवढीच अडते. ते अडणं म्हणजे ड्रॅग. विमानाला जास्त रेटा लावावा लागतो, तेल जास्त जळतं. शिवाय वेग फार वाढला तर हवा त्या पदराला ओढून मोडू शकते, म्हणून किती वेगापर्यंत किती फ्लॅप काढायचा याची पाटीच वैमानिकासमोर लावलेली असते. वर गेल्यावर वेग भरपूर मिळतो, मग पंखाला पदराची गरज राहत नाही, तो आत घेतात.

त्या मुलाच्या घरी बैल असतील तर त्याला विचारा, उंच कडबा भरलेली गाडी समोरच्या वाऱ्यात हाकताना बैल लवकर का दमतात. वजनाला तर कडबा हलकाच असतो.